विश्वस्तांचं बेट

सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार धडधड आपटू नये म्हणून खाली एक दगड सरकवून ठेवलेला असे. नौरू बेटावरून कुणीतरी तो आणला होता. झाडाचं खोड दगड झालंय, पोरांसाठी त्याच्या गोट्या घडवता येतील, एवढाच त्याचा लौकिक. १८९९ मध्ये कंपनीतल्या अल्बर्ट एलिसच्या मनात त्या दगडाबद्दल शंका आली. त्याने एक कपचा काढून तपासला. निघालं अव्वल प्रतीचं फॉस्फेट.

नौरू म्हणजे विषुववृत्ताला जवळजवळ चिकटलेलं २१ चौरस किलोमीटरचं बेट. किनाऱ्याने वळसा घालणारा रस्ता जेमतेम १९ किलोमीटरचा. जर्मनीने ते १८८८ मध्ये बळकावलं, १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने जर्मनांकडून घेतलं. लीग ऑफ नेशन्सने १९२० मध्ये ते ब्रिटिश साम्राज्याच्या ताब्यात 'सांभाळायला' दिलं. पण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आदल्याच वर्षी आपसात करार करून फॉस्फेटचे वाटे ठरवले होते : ४२ टक्के, ४२ टक्के, १६ टक्के. सांभाळण्याचा कागद नंतर आला. जमीनमालक नौरूवासीयाला टनामागे सुरुवातीला मिळत होता अर्धा पेनी.

तळं राखी तो पाणी चाखी, असं आपण म्हणतो, आणि थोडं चाखणं समजूनही घेतो. इथे तळ्याचा गाळसुद्धा उपसून नेत होते. तिघांनी नेमलेले 'ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर' हा माल ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना जागतिक भावापेक्षा स्वस्त देत. तिकडची कुरणं हिरवीगार झाली, इकडे पठाराचे दात उघडे पडले. दात अक्षरशः. फॉस्फेट खरवडून काढलं की प्रवाळाच्या चुनखडीचे उंच, टोकदार सुळके मागे राहतात. त्यांच्यावर घर बांधता येत नाही, नारळ लावता येत नाही.

मध्येच युद्ध आलं. जपानने १९४२ मध्ये बेट घेतलं आणि पुढच्या वर्षी सुमारे १२०० नौरूवासीयांना दूर त्रुक बेटांवर मजुरीला नेलं. ३१ जानेवारी १९४६ रोजी जहाज परत आलं तेव्हा त्यातून ७३७ जण उतरले. ही तारीख लक्षात ठेवावी.

१९४७ मध्ये नौरू संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश झालं. विश्वस्त तेच तिघे. असे एकूण अकरा प्रदेश होते. टांगानिका, टोगोलँड, कॅमेरून, रुआंडा-उरुंडी अशी मोठी नावं त्यात. सनदेच्या ७६व्या कलमाने विश्वस्तांवर जबाबदारी टाकली होती : तिथल्या लोकांना स्वराज्याकडे किंवा स्वातंत्र्याकडे न्यायचं. त्यासाठी दरवर्षी अहवाल द्यायचा, न्यूयॉर्कला विश्वस्त मंडळापुढे उभं राहून प्रश्नांना तोंड द्यायचं, अधूनमधून येणारी पाहणी पथकं हिंडवायची. लोकांना थेट अर्ज करण्याची मुभा होती. हे सगळं ढोंग होतं असं म्हणणं सोपं आहे, आणि खाण तर त्या काळातही चालूच होती. तरी मला ते पूर्ण खरं वाटत नाही. साध्या वसाहतीच्या मालकाला वर्षाच्या वर्षाला हिशेब विचारणारं कोणी नसतं.

हे नेमकं ओळखलं हॅमर डीरोबर्ट यांनी. ऑस्ट्रेलियात शिकलेले शिक्षक, त्रुकहून जिवंत परतलेल्यांपैकी एक, पुढे बेटाचे मुख्य सरदार. शतक संपायच्या आत खाण संपणार हे दिसत होतं. ऑस्ट्रेलियाने तोडगा काढला : सगळेच्या सगळे उठा, क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या कर्टिस बेटावर राहायला या, नागरिकत्व देतो. आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांना हा सूर ओळखीचा वाटेल. नौरूवासीयांनी विचारलं, तिथे आमचं राज्य असेल का? ते मिळणार नव्हतं. १९६४ मध्ये त्यांनी नकार कळवला. पुढे १९६७ मध्ये खाणीची यंत्रसामग्री दोन कोटी दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घ्यायचं ठरलं. स्वतःच्याच जमिनीवरचा धंदा पैसे मोजून सोडवायचा. स्वातंत्र्यासाठी त्यांनी तारीख निवडली ३१ जानेवारी, साल १९६८. मूळ रहिवासी होते सुमारे तीन हजार, आणि डीरोबर्ट पहिले राष्ट्राध्यक्ष.

पुढची श्रीमंती आणि दिवाळं हा वेगळा लेख होईल. पैसा विमानांत गेला, मेलबर्नच्या गगनचुंबी इमारतीत गेला, लंडनच्या एका आपटलेल्या संगीत नाटकातही गेला. विश्वस्तांचे दोष त्याने धुतले जात नाहीत, एवढं मात्र नोंदवायला हवं.

कारण १ जुलै १९६७ पूर्वी खणलेली जमीन पूर्ववत कोणी करायची, हा प्रश्न तसाच होता. बेटाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तोवर खणून झाला होता. मे १९८९ मध्ये नौरूने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला. त्याचा आधार तोच जुना विश्वस्त करार. ऑस्ट्रेलियाने म्हटलं, आम्ही तिघे होतो, एकट्यालाच का खेचता? २६ जून १९९२ रोजी न्यायालयाने ही हरकत नऊ विरुद्ध चार मतांनी फेटाळली आणि खटला चालवायचं ठरवलं.

तो शेवटपर्यंत चाललाच नाही. ऑगस्ट १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली. त्यातले पाच कोटी वीस वर्षांच्या हप्त्यांनी. ब्रिटन आणि न्यूझीलंडने नंतर आपापला वाटा उचलला, प्रत्येकी एक कोटी वीस लाख. डीरोबर्ट यांनी यातलं काही पाहिलं नाही. न्यायालयाच्या त्या निर्णयानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १५ जुलै १९९२ रोजी, ते वारले होते. मेलबर्नमध्ये.