एक ओढते, एक ढकलते

हंगामात निपाणीच्या रस्त्यावर उसाची बैलगाडी पाहावी. दोन्ही बैल जोर लावतात तोवर गाडी सरळ चालते. एकाने अंग टाकले, की जू तिरके होते आणि गाडी त्याच्याच बाजूला वळते.

दोन पंखांवर दोन इंजिने असलेल्या विमानाचेही असेच होते. एक बंद पडले, की दुसऱ्याच्या जोराने नाक बंद इंजिनाकडे फिरते. वैमानिक शेपटीवरच्या सुकाणूने ते सावरतो. पण सुकाणूला बळ मिळते वाऱ्याच्या वेगातून. उड्डाणाच्या वेळी वेगच कमी असतो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला, की सुकाणू पुरे पडत नाही आणि विमान उलटू शकते.

यावरचा उपाय गोवा-कर्नाटक सीमेवरच्या ब्रागांझा घाटात दिसतो. कुळेहून कॅसलरॉकला चढणाऱ्या आगगाडीला पुढची इंजिने ओढतात, मागची ढकलतात. विमानातही एक इंजिन नाकाशी, दुसरे मागे, दोन्ही मध्यरेषेवर बसवता येतात. मग कुठलेही बंद पडो, जोर घटतो. विमान वळत नाही.

सेस्ना कंपनीचे ‘स्कायमास्टर’ १९६०च्या दशकात याच रचनेचे निघाले. विमानरचनाकार बर्ट रुटान यांचे चार आसनी ‘डिफायंट’ १९७८ साली उडाले. पुढे त्याचे आराखडे घरी विमान बांधणाऱ्यांना मिळू लागले. रुटान यांच्याच ‘व्हॉयेजर’ने डिसेंबर १९८६ मध्ये, वाटेत इंधन न भरता, नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. बहुतेक प्रवास एकट्या मागच्या इंजिनावर झाला. शेवटच्या टप्प्यात तेच थांबले, तेव्हा पुढचे सुरू करून विमान घरी पोचले.

या रचनेलाही किंमत मोजावी लागते. मागच्या इंजिनाला गार वारा कमी मिळतो, ते तापते. शिवाय विमान वळतच नसल्याने धावपट्टीवर मागचे इंजिन बंद पडलेले लक्षात येत नाही; स्कायमास्टरचे काही अपघात असेच घडले. म्हणून उड्डाणाआधी मागच्या इंजिनाचे काटे पाहणे हा नियमच हवा.

भारतातही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीतल्या एका गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली. त्याला इंजिन एकच आहे. उद्या आपल्याकडे कुणी दोन इंजिनांचे विमान बांधायला घेतले, तर त्याने इंजिनांच्या ताकदीआधी त्यांची जागा ठरवावी. दुसरे इंजिन चुकीच्या जागी असेल, तर ऐन संकटात तेच विमानाला फिरवते.