मेढ्याचे पाणी, माणगंगेची माती

जावळीत मेढ्याला पडणारा पाऊस वेण्णेतून कण्हेर धरणात उतरतो, सातारच्या पूर्वेला संगम माहुलीत कृष्णेला मिळतो आणि कराडकडे निघतो. पूर्वी तो तसाच पुढे सांगलीकडे वाहून जाई. आता कराडखाली टेंभूला कृष्णेचे पाणी उपसले जाते आणि टप्प्याटप्प्याने चढवून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या बाजूला नेले जाते. म्हणजे जावळीच्या डोंगरावर पडलेला एखादा थेंब आज माणगंगेच्या काठच्या जमिनीत जिरू शकतो. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या माणदेशाचा या पाण्यावर पूर्ण हक्क आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या मातीला हे पाणी भेटते ती माती मेढ्याच्या मातीसारखी नाही. तिचा स्वभाव ओळखल्याशिवाय पाणी सोडले, तर पाण्यानेच जमीन हातची जाईल.

महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, महादेव डोंगररांगेच्या पलीकडे, म्हसवड-दहिवडीला जेमतेम पाचशे मिलिमीटर. तोही काही वर्षी नाही. खडक दोन्हीकडे एकच, काळा बेसाल्ट. पण मेढ्याकडे पावसाने त्या खडकातला चुना, सोडियम सारे धुऊन नेले आणि तांबडी, आम्लधर्मी माती मागे ठेवली. माणमध्ये धुऊन न्यायला पाणीच नाही. खडकातून जे सुटले ते तिथेच राहिले, फार तर हात-दोन हात खाली सरकले.

माणदेश म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो मुरमाड माळ, वीतभर मातीचा, कुसळीचा आणि तरवडाचा. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने हा मुलूख साऱ्या महाराष्ट्राला दाखवला. या लेखाचा विषय मात्र त्या माळाला चिकटून, नदीच्या दोन्ही अंगांना असलेली चिंचोळी पट्टी आहे: माणगंगेने कधीकाळी आणून टाकलेला जुना गाळ. नदी आज त्याच्या बरीच खालून वाहते, पूरही त्याच्यावर क्वचितच चढतो. काठ जिथे उभा कापला गेला आहे तिथे त्याचे पोट उघडे दिसते. वर फिकट तपकिरी, पाऊस पडून गेला की पापुद्रा धरणारी माती. त्याखाली चिकट, घट्ट थर आणि त्यात विखुरलेले पांढरट खडे; काही वाटाण्याएवढे, काही मुठीएवढे. आणखी खाली गोटे, तेही चुन्याने एकमेकांना धरून ठेवलेले. हे पांढरे खडे म्हणजे चुनखडी. देशावरच्या जुन्या वाड्यांसाठी अशीच चुनखडी भट्टीत भाजून, घाण्यात मळून चुना केला जाई.

हा गाळ आला कधी? डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी 1987 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दख्खनच्या वायव्य भागातल्या नद्यांच्या गाळाचा इतिहास मांडला. मागच्या हिमयुगाच्या कोरड्या काळात मान्सून दुबळा होता, उतारावरचे गवत-झाडोरा विरळ होता, नद्यांकडे माती भरपूर येई आणि ती वाहून नेण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. म्हणून पात्रे भरत गेली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पाऊस वाढला, नद्यांनी आपलाच गाळ कापत खोल वाट काढली आणि जुना गाळ वर, कोरडा राहून गेला. माणगंगा भीमेला मिळते. तिच्या काठांचे वाचनही याच रीतीने करता येते. ज्या जमिनीवर आपण आज पाणी मागतो आहोत ती एका जुन्या, लांबलेल्या दुष्काळाची निर्मिती आहे.

चुनखडीचा थर कसा वाढतो याचा पद्धतशीर अभ्यास झाला तो अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी चराऊ रानात. लेलँड गाइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये जुन्या गाळातल्या चुन्याच्या चार अवस्था मांडल्या: आधी गोट्यांवर पातळ साय, मग खडे, मग सगळी भोके बुजवणारा थर आणि शेवटी त्या बुजलेल्या थरावर पापुद्र्यासारखे पडदे, ज्यांतून पाणी खाली जात नाही. माती जितकी जुनी तितकी अवस्था पुढची. आपल्याकडचा गाळ वाळवंटातला नाही, गोट्यांऐवजी त्यात काळी चिकणमाती जास्त आहे. त्यामुळे आपल्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने जाते, आणि ते वळण धोक्याचे आहे.

ते उलगडले नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेत. दिलीप कुमार पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोरडवाहू काळ्या जमिनींवर वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. कोरड्या हवेत मातीतल्या पाण्यातून कॅल्शियम चुना होऊन खाली बसते. जितका चुना बसेल तितके पाण्यातले कॅल्शियम कमी आणि सोडियमचे प्रमाण जास्त. हे सोडियम चिकणमातीच्या कणांना धरते. कॅल्शियम कणांना एकत्र ठेवते. सोडियम त्यांना फोडून सुटे करते. सुटे झालेले कण बारीक छिद्रांत जाऊन बसतात आणि निचरा बंद पडतो. म्हणजे चुनखड आणि चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली जमीन, ही एकाच प्रक्रियेची दोन टोके आहेत. पुस्तकी मापाने सोडियमचे प्रमाण पंधरा टक्क्यांवर गेले की जमीन चोपण. पण आपल्या काळ्या चिकणमातीत ते पाच टक्क्यांवर गेले तरी निचरा बिघडू लागतो, असे या मंडळींना आढळले. विदर्भातला पूर्णेचा खारपाणपट्टा याचा मोठा दाखला. तिथेही जुना, खोल गाळ. कालव्याचे पाणी न लागताही तिथल्या जमिनीच्या पोटात सोडियम साठले. माणमध्ये तर पाऊस त्याहून कमी.

पाणी आल्यावर काय होते, हे पाहायला लांब जावे लागत नाही. महादेव डोंगररांगेच्या उत्तरेला नीरेचे खोरे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत चांगल्या जमिनींवर क्षारांचे पांढरे फूल दिसू लागले. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर 1910 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा इशारा मला आजही अस्वस्थ करतो, कारण तो ज्यांच्या उपयोगाचा होता त्या शेतकऱ्यांपर्यंत किती पोचला असेल? पुढे 1932 मध्ये फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभे राहिले. तिथल्या जे. के. बसू आणि सिरूर यांनी दख्खनच्या कालव्यांखालच्या जमिनी खड्डे खणून तपासल्या आणि 1938 मध्ये त्यांचे वर्गीकरण मांडले. जमिनीचा वरचा रंग पाहून नव्हे, पोटातले थर पाहून पीक आणि पाणी ठरवा, ही त्या कामाची दिशा होती. सांगलीकडे कृष्णाकाठी उसाच्या मळ्यांतल्या जमिनीही पाण्यानेच क्षारपड झाल्या.

माणदेशातल्या शेतकऱ्याला या मातीची काही लक्षणे आधीच माहीत असतात. चुनखडीत उसावर केवडा पडतो, म्हणजे मातीतले लोह उचलले जात नाही आणि पान पिवळे होते. आटपाडीचे डाळिंब नावाजले ते हलक्या, मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीवर. गाळाच्या भारी जमिनीत त्याची मुळे घुसमटतात. आणि धनगरांना माहीत असते की गाळाच्या मोकळ्या पट्टीवर मारवेल धरते, मेंढरे तिथे टिकून चरतात. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी आणि आटपाडी-माणचा खिलार बैल याच कोरड्या मुलखाने घडवले.

या गवताचे एक काम कमी सांगितले जाते. मुळे श्वास घेतात, कुजणारे लेंडीखत कार्बन डायऑक्साइड सोडते, तो मातीतल्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतो आणि चुनखडी थोडी थोडी विरघळवतो. विरघळलेले कॅल्शियम सोडियमला हटवते. म्हणजे ज्या चुन्यामुळे जमीन बिघडते त्यातच तिचे औषध आहे, फक्त ते बाहेर काढणारे मूळ आणि खत पाहिजे. शेतात मेंढरे बसवायची आणि मोबदल्यात धान्य द्यायचे, ही रीत मला म्हणूनच केवळ खतापुरती वाटत नाही. त्या पट्टीवरचे गवत नांगरून टाकायचे, मेंढरांना वाट बंद करायची आणि मग त्याच कॅल्शियमसाठी बाहेरून जिप्सम विकत आणायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

पाणी येते आहे ते यावेच. फक्त आधी दीड मीटरचा खड्डा घ्यावा. पावसाळ्यात पाणी किती खाली उभे राहते ते पाहावे. चिकट थर किती खोलीवर सुरू होतो, चुनखडीचे खडे कुठे लागतात, त्यांच्यावर लिंबू पिळले की किती फसफसते, कोरडे ढेकूळ स्वच्छ पाण्यात ठेवले की ते सुटून पाणी दुधासारखे गढूळ होते का, हे पाहावे. गढूळ झाले तर सोडियमचा संशय धरावा आणि प्रयोगशाळेत नमुना पाठवताना वरच्या वीतभर मातीसोबत खालचा थरही वेगळ्या पिशवीत द्यावा. बहुतेक नमुने आजही फक्त वरच्या थराचे जातात, आणि या मातीत बिघाड खालीच सुरू होतो. ज्या खड्ड्यात असा बिघडलेला थर हात-दीड हातावर लागेल तिथे ऊस लावू नये, ठिबकवर ज्वारी, कडधान्य किंवा चारा घ्यावा आणि निचऱ्याची चरी पहिल्या पाण्याच्या आधी काढावी, नंतर नव्हे. योजनेच्या कागदावर आज गावनिहाय हेक्टर लिहिलेले असतात. त्याच ओळीत चुनखडी किती खोल लागली याचा एक रकाना घातला, तर कुठल्या गटाला किती पाणी सोसेल हे पाणी वाटायच्या आधीच कळेल.