दहा रुपयांची पावती

पतसंस्था कशामुळे वाढतात यावर लिहा, असे संपादकांनी सांगितले. व्याजदरांचे तक्ते घेऊन मी खारेपाटणला आलो आणि बाजारपेठेत पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करणाऱ्या एका एजंटामागे संध्याकाळभर फिरलो. तक्ते पिशवीतच राहिले.

चहाच्या टपरीवर मालकांनी हात हलवला. "आज धंदो नाय झालो, उद्या ये." एजंट जागचे हलले नाहीत. "दहा तरी घाला, काकानू. खंड नको." दहाची नोट आली. हातातल्या यंत्रातून बोटभर पावती निघाली. ती देण्याआधी एजंटांनी एकूण शिल्लक मोठ्याने वाचून दाखवली. पुढच्या प्रत्येक दुकानात हेच. "खातेदाराक आकडो तोंडपाठ व्हयो," ते म्हणाले. "मगे माज्यार कोणाचो संशय नाय."

या गावाला नोंदीची सवय जुनी. येथे सापडलेल्या शिलाहार रट्टराजाच्या शके ९३० (इ. स. १००८) च्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक गद्याण सोने देवकार्याला लावून दिले आहे. पिग्मी त्यामानाने कालची. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या संस्थेने १९२८ साली रोजच्या दोन आण्यांवर ती सुरू केली.

सात वाजता एजंट पतसंस्थेच्या कार्यालयात परतले. रोकड रोखपालांनी मोजली, यंत्रातल्या नोंदी तिसऱ्याच कर्मचाऱ्याने खतावणीशी ताडून पाहिल्या. आणणारा, मोजणारा, तपासणारा असे तिघे वेगळे. शिवाय अधूनमधून व्यवस्थापक स्वतः दुकानांत जाऊन पासबुके बघतात. संस्था वाढते ती या शिस्तीवर. शुक नदीचे पाणी पेठेत शिरते तेव्हा दुकान पुन्हा मांडायला पहिला आधार याच दहा-दहा रुपयांचा असतो.

महाराष्ट्राचा १९६० चा सहकार कायदाही हीच शिस्त शिकवतो. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही.

पण घोर लावणाऱ्या गोष्टी आहेत. गाव लहान, म्हणजे कर्ज मागणारा कोणाचा तरी भाचा, जामीनदार कोणाचा तरी व्याही. संचालकाला नातेवाइकाला 'नाही' म्हणता आले नाही की थकबाकीची सुरुवात तिथेच होते. याच कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळतो, पण तोवर तारण आटलेले असते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. संचालक मंडळाची सचोटी हाच ठेवीदाराचा विमा. शिवाय एजंटांचे पोट कमिशनवर. त्यांनी फिरणे थांबवले तर खाती कोण सांभाळणार? त्यांचा मुलगा मुंबईत नोकरीला, फेरी शिकायला दुसरा कोणी पुढे आलेला नाही. माणसे तयार न करता शाखा वाढवणाऱ्या संस्थांनी हा प्रश्न आजच हाती घ्यावा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणजे गणपतीच्या आगेमागे. चाकरमानी तेव्हा गावात असतात. सभेला चहापुरते जाऊ नका. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता, थकबाकी किती, संचालकांची आणि त्यांच्या नातेवाइकांची कर्जे किती, हे तीन प्रश्न उभे राहून विचारा. एजंट दहा रुपयांचा हिशेब रोज मोठ्याने वाचतात. संचालक मंडळाने वर्षातून एकदा तरी तसा वाचलाच पाहिजे.