जुन्या गाडीचं डिबगिंग: पार्ट बदलण्याआधी काय मोजायचं?

गाडी पंधरा वर्षांची झाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'विकून टाका आता.' दुसरा म्हणतो, 'चालतेय की चांगली!' आमच्या माणगावच्या घरी २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे आणि बाबा दुसऱ्या पक्षाचे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, त्यानंतर फिटनेस तपासून ते पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळतं. आमच्या गाडीचं ते पेणच्या आरटीओत झालं आणि गाडी राहिली. त्यामुळे तिची दुखणीही राहिली.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. प्रॉडक्शनमध्ये बग आला की आम्ही दिसेल तो कोड बदलत सुटत नाही. आधी लॉग बघतो, मग एका वेळी एकच गोष्ट बदलतो. गाडीच्या बाबतीत मात्र बरेचदा उलटं होतं. 'बॅटरी टाकून बघू', 'सेन्सर बदलून बघू' असं करत पाच-सात हजार जातात आणि दुखणं तिथंच. जुनी गाडी महाग पडते ती बऱ्याचदा अशा अंदाजांमुळे. म्हणून नेहमीच्या चार तक्रारी आणि त्यांचं मूळ शोधायची पद्धत इथे देतोय. लागणारी हत्यारं: एक साधा डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, हातमोजे आणि वही.

१. सेल्फ मारला की नुसतं 'कट् कट्'

पहिला संशय बॅटरीवर जातो. पण तपासायच्या गोष्टी तीन आहेत: बॅटरी, चार्जिंग आणि वायरिंग.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा.

- रात्रभर उभ्या गाडीत: १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली.
- सेल्फ मारताना (दुसऱ्या कुणाला किल्ली फिरवायला सांगा): आकडा ९.६ च्या खाली जायला नको. बॅटरी भरलेली असूनही तो खाली जात असेल तर तिचा शेवट जवळ आलाय.
- इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.५. तेरा सव्वातेराच्या वर जातच नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही उतरणार.

आमच्याकडे झालं ते असं. जेमतेम वर्षाची बॅटरी, तरी सकाळी सेल्फ जड फिरायचा. एका गॅरेजमध्ये सल्ला मिळाला, 'बॅटरी बदला.' मी मोजलं तर उभ्या गाडीत १२.५ आणि सेल्फ मारताना १०.८. म्हणजे बॅटरी ठीक होती. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि बाबांना सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर १.४ व्होल्ट! तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवं, चांगल्या गाडीत ०.२ च्या आसपासच. बाकीचं व्होल्टेज गंजलेली अर्थिंगची पट्टी खात होती.

यामागे शाळेतला ओहमचा नियम आहे. सेल्फ सहज १०० अँपिअर किंवा जास्त करंट खेचतो. वाटेत ०.०१ ओहम इतका किरकोळ रोध असला तरी १०० अँपिअरला १ व्होल्ट जातो. आपल्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात एवढा गंज चढायला वेळ लागत नाही. पट्टीची दोन्ही टोकं सोडवली, सॅंडपेपरने चकचकीत केली, घट्ट आवळली, वर थोडं ग्रीस लावलं. बॅटरी तीच, पण सेल्फ पहिल्यासारखा फिरला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने साफ करा. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना निगेटिव्ह शेवटी. नाहीतर पाना बॉडीला टेकून शॉर्ट होऊ शकतो.

२. टेम्परेचरचा काटा वर जातो

गणपतीत गोवा हायवेवरून आलेल्यांना इंदापूर आणि माणगावच्या बाजारातली कोंडी सांगायला नको. बॉनेट उघडून उभ्या गाड्या तिथे हमखास दिसतात. इथे एकच प्रश्न अर्धं निदान करतो: काटा नेमका कधी वर जातो?

कोंडीत वर जातो आणि गाडी पळायला लागली की खाली येतो: पाणी फिरतंय, पण उभ्या गाडीत हवा मिळत नाही. संशय रेडिएटरच्या फॅनवर. एसी लावा, बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरतो. नाही फिरला तर क्रमाने फ्यूज, मग रिले (फ्यूजबॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा), मग मोटर, शेवटी तापमानाचा सेन्सर. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांत फॅन अचानक सुरू होतो, तेव्हा हात लांब ठेवा.

सपाटीवर ठीक, घाट चढताना वर जातो: हवा आहे, पण उष्णता वाहून नेणं कमी पडतंय. कूलंट कमी, रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अडकलेला किंवा वॉटर पंप झिजलेला. वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेल्या गाडीत चोंदण्याची शक्यता सर्वात जास्त. कूलंट उकळबिंदू वाढवतंच, शिवाय गंज रोखतं.

कूलंट कमी होतंय, गळती दिसत नाही, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाळ झालंय: हेड गॅस्केटचा संशय. गाडी चालवू नका, उचलून न्या.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. झाकण आत साधारण ०.९ बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. काटा वर गेला की एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा फुल. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. घाम फुटेल, पण इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडेल. मग कडेला थांबा आणि इंजिन पुरतं थंड होऊ द्या.

३. गाडी मिसिंग करते, चेक इंजिनचा दिवा लागतो

पावसातच मिसिंग होत असेल तर प्लगच्या हाय टेन्शन वायरी बघा. रात्री अंधारात, इंजिन चालू ठेवून, बॉनेट उघडून लांबूनच पाहा. वायरीचं आवरण तडकलं असेल तर बारीक निळ्या ठिणग्या दिसतात. हात लावू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात.

थोड्या नव्या गाड्यांत ओबीडी स्कॅनर कामाला येतो. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना २०१० पासून ओबीडी-१ आणि २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं. ब्लूटूथचा स्वस्त स्कॅनर आणि मोबाईलमधलं ॲप पुरतं. त्याआधीच्या गाडीत तसा सॉकेट असला तरी तो स्कॅनरशी बोलेलच असं नाही.

कोड वाचताना एक लक्षात ठेवा: कोड लक्षण सांगतो, खराब पार्टचं नाव सांगत नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. तेवढ्यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका. जुन्या गाडीत तडकलेला रबरी व्हॅक्यूम पाईपही हेच करतो आणि तो फार स्वस्त असतो.

पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉईल असेल तर इंजिन बंद करून पहिली आणि दुसरी कॉईल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉईल खराब, कारण दोष तिच्याबरोबर हलला. पी०३०१ च राहिला तर कॉईल सुटली. हेच प्लगबाबत करा. तेही ठीक निघाले तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायला गॅरेज. एक पैसा खर्च न करता दोन संशयित बाद.

४. ब्रेक: इथे प्रयोग नकोत

ताम्हिणी उतरून निजामपूरमार्गे माणगावला येणाऱ्यांसाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट-३ ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २०५ अंश असतो, ओलावा मुरला की १४० पर्यंत उतरतो. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर ते उकळलं तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. मग पॅडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

पॅडल स्पंजसारखं लागतंय? हवा किंवा जुनं ऑइल. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जातंय? मास्टर सिलिंडर किंवा गळती. गाडी एका बाजूला ओढतेय? त्या एक्सलचा कॅलिपर अडकल्याचा संशय. यातलं काहीही आढळलं तर घाटात नेऊ नका. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला आणि उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगची पिवळी वायरिंग आणि पेट्रोलची गळती, ही चार कामं घरी करायची नाहीत.

मेकॅनिकशी बोलताना

घरी मोजण्याचा उद्देश मेकॅनिकला टाळणं हा नाही. पंचवीस वर्षं इंजिन ऐकलेल्या कानाला मल्टिमीटर पर्याय नाही. पण त्यांच्याकडे निकाल घेऊन जाऊ नका, निरीक्षणं घेऊन जा. 'दादा, फॅन बदला' ऐवजी 'कोंडीत काटा चढतो, हायवेला उतरतो, एसी लावला तरी फॅन फिरत नाही, फ्यूज ठीक आहे' असं सांगा. काम नेमकं होतं, बिलही तेवढ्यापुरतं येतं.

वहीत तारीख, किलोमीटर, लक्षण, मोजलेले आकडे आणि केलेलं काम लिहीत जा. वर्षभराने ती वही उघडली की 'गाडी विकायची की ठेवायची' या घरातल्या वादालाही थोडे आकडे मिळतील.