शिसे की आर्सेनिक? यंत्राला पडणारा पेच

भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात रोज धातूंची आवक होते. कुठे पोलादाच्या सळ्या, कुठे पितळी फिटिंग्ज, कुठे वितळवण्यासाठी आलेले भंगार. त्यात नेमके काय आहे, हे तपासायला अनेक ठिकाणी ‘एक्सआरएफ गन’ वापरतात. ती धातूला टेकवून खटका दाबला, की काही सेकंदांत पडद्यावर प्रत्येक मूलद्रव्याची टक्केवारी येते. मात्र पडद्यावरचा आकडा दरवेळी खरा असतोच असे नाही.

गनमधून निघालेले क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरताना अणू स्वतःचे क्ष-किरण सोडतो. त्यांची ऊर्जा मूलद्रव्यागणिक ठरलेली असते. हा नियम हेन्री मोसली यांनी १९१३ मध्ये दाखवून दिला. अडचण येते ती दोन मूलद्रव्यांची ऊर्जा जवळपास सारखी निघाली तर.

आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टला, तर शिशाची १०.५५ला येते. गनच्या डिटेक्टरला एवढ्या जवळच्या रेषा वेगळ्या दिसत नाहीत. पाण्यात झिजू नये म्हणून काही पितळांत मुद्दाम किंचित आर्सेनिक घालतात. दुरुस्ती केली नाही, तर हे आर्सेनिक शिसे म्हणून मोजले जाऊ शकते आणि चांगला माल नाकारला जातो. उलट, शिसे भरपूर असेल तर त्याच्या आड थोडे आर्सेनिक दडून राहते.

यावरचा उपाय म्हणजे दुसरी रेषा पाहणे. शिशाची आणखी एक ठळक रेषा १२.६१ला येते आणि तिथे आर्सेनिकची लुडबुड नसते. तिच्यावरून शिसे मोजायचे, मग १०.५५च्या शिखरातला त्याचा वाटा वजा करायचा. उरते ते आर्सेनिक. पण मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा केला, की उरलेला छोटा आकडा डळमळीत होतो. अशा वेळी नमुना विरघळवून प्रयोगशाळेत तपासणे भाग पडते.

दुसरा घोळ शेजारच्या अणूंचा. स्टेनलेस स्टीलमध्ये निकेलचे किरण लोखंड शोषून घेते, त्यामुळे निकेल कमी भासते. लोखंडाचे किरण क्रोमियमला चेतवतात, म्हणून क्रोमियम जास्त भासते. त्यासाठी गणिती दुरुस्ती लागते आणि त्याच जातीच्या प्रमाणित नमुन्यावर यंत्र पडताळून घ्यावे लागते. असे ‘भारतीय निर्देशक द्रव्य’ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली तयार होते. हे किरण धातूत फार खोल जात नाहीत. त्यामुळे जस्ताचा मुलामा घासून काढल्याशिवाय आतले पोलाद नीट मोजता येत नाही.

हा प्रश्न फक्त माल पास-नापास होण्यापुरता नाही. विद्युत उपकरणांत शिशाची सर्वसाधारण मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के आहे. तांब्याच्या मिश्रधातूंसारख्या काही ठिकाणी सवलत मिळते. शिसे असलेले भंगार साधे समजून भट्टीत गेले, तर त्याची वाफ आणि धूळ आधी कामगाराच्या श्वासात जाते, मग कपड्यांवरून त्याच्या घरी पोहोचते. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो, आणि रक्तातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच अहवाल हाती आला की केवळ टक्केवारी वाचू नये. ती कोणत्या रेषेवरून काढली आणि कोणत्या नमुन्यावर पडताळली, हेही विचारावे.