पहिल्यांदा डोंगर चढताना

नेऱ्याहून मुलांना पहिल्यांदा डोंगरावर न्यायचे, तर शेजारच्या मावळातला तिकोना बरा. उंची सुमारे 1,066 मीटर. शेवटच्या पायऱ्या उभ्या आहेत. तिथे घाई नको.

तयारी आठ दिवस आधी सुरू करावी. रोज अर्धा तास चालावे. त्या दिवशी नवे बूट घालू नयेत, फोड येतात. माणशी दोन लिटर पाणी, भाकरी, गूळ-शेंगदाणे आणि थोडे मीठ-साखर सोबत घ्यावे.

निघण्यापूर्वी प्रत्येकाची न्याहारी झाली का, चपलेचा अंगठा शाबूत आहे का, हे स्वतः पाहावे. गरिबाघरचे मूल आपणहून सांगत नाही, लाजते. सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. तो थकला, तर सर्वांनी परतावे. डोंगर कुठे जात नाही.