पहिलं आलेलं कबूतर सर्वांत चपळ?

लांब पल्ल्याच्या शर्यतीत सगळी कबुतरं एकाच ठिकाणाहून सुटतात, पण प्रत्येक आपापल्या ढाबळीत पोचतं. अंतरं वेगळी असल्यामुळे निकाल मिनिटाला किती मीटर, या वेगावर लागतो. एवढ्याने स्पर्धा बरोबरीची होते, हा समज बराच रुजलेला आहे. पण भागाकाराने अंतराची भरपाई होते, वाऱ्याची नाही. समजा, एकाच रेषेत दोन ढाबळी आहेत, एक 500 किलोमीटरवर आणि दुसरी 600 वर. दोन्ही कबुतरं पहिले 500 किलोमीटर मिनिटाला 1200 मीटरने, म्हणजे सुमारे सात तासांत उडाली. मग समोरून वारा सुटला आणि दूरच्या कबुतराचा शेवटचा टप्पा 900 मीटरच्या वेगाने पार पडला. त्याची सरासरी भरते जेमतेम 1137, आणि काही चूक नसताना ते निकालात मागे पडतं. आडवा वारा असेल तर अख्खा थवा एका अंगाला ढकलला जातो. त्या अंगाच्या ढाबळींचं आयतंच फावतं. इतरांच्या पाखरांना थवा सोडून एकटं वळावं लागतं. मग सगळं नशिबावरच, असं कुणी म्हणेल. तसंही नाही. वाऱ्याची दिशा बदलूनही जे कबूतर शेजारच्या ढाबळींपुढे राहतं, त्याचा कस खरा. बार्सिलोनाहून बेल्जियम-नेदरलँड्सपर्यंतच्या हजारेक किलोमीटरच्या शर्यतीतला एकच विजय मात्र फार काही सांगत नाही.

कबुतरं हरवली की खापर ससाण्यावर फुटतं. बहिरी ससाणा सूर मारताना ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो, तेव्हा भीती खोटी नाही. पण तो एका वेळी एकच पाखरू उचलतो. 29 जून 1997 रोजी फ्रान्समधल्या नाँतहून इंग्लंडकडे 60,000 हून अधिक कबुतरं सोडली गेली आणि बहुसंख्य परतलीच नाहीत; एवढा घास ससाण्यांचा नव्हे. भूशास्त्रज्ञ जॉन हॅगस्ट्रम यांनी बोट ठेवलं ते काँकॉर्डवर. पॅरिसहून निघालेल्या या स्वनातीत विमानाची ध्वनिलहर इंग्लिश खाडीवर थव्याला गाठून गेली, असा त्यांचा हिशेब. आपल्याला ऐकू न येणारे अतिमंद ध्वनी कबुतरांना ऐकू येतात, हे प्रयोगांनी सिद्ध आहे. घराची दिशा ती त्यावरून ठरवतात, हे अजून तर्काच्याच पातळीवर आहे. त्यामुळे नाँतचा गुन्हेगार सापडला, असं म्हणणं घाईचं.

ढगांचा परिणाम यापेक्षा नीट तपासलेला आहे. जीवशास्त्रज्ञ विल्यम कीटन यांनी 1971 मध्ये दाखवलं, की पाठीवर चुंबक बांधलेली अनुभवी कबुतरं उन्हात बिनचूक दिशा धरतात, आभाळ भरून आलं की मात्र गोंधळतात. सूर्य दिसेनासा झाला की चुंबकीय दिशाज्ञानावर भिस्त वाढते, असा त्याचा अर्थ लागतो. म्हणून सोडण्याच्या मैदानावर लख्ख ऊन आहे एवढं पाहून टोपल्या उघडणं अपुरं. चार तासांनी खाडीवर ढग किती आणि वारा कुठला, ते आधी विचारायला हवं.